डब्याएवढी कॉफी

आमच्या चौकात कॉफी समोर दळून देणारं एक दुकान आहे. मी तिथून किलोभर एकदम आणतो आणि पंधरा दिवसांनी ती कागदासारखी लागायला लागली की दुकानदाराला नावं ठेवतो.

तिथे दर शनिवारी एक आजी येतात. मुठीत मावेल असा स्टीलचा डबा पुढे करतात आणि तो भरेल एवढीच कॉफी घेतात. दुकानदार डबा हलकेच आपटत भरतो. झाकण लावताना आत बोटभरही जागा उरत नाही. "आत हवा राहिली की वास उडतो," त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. ही कॉफी बरोबर शुक्रवारी संपते. मला त्या अंदाजाचं फार कौतुक वाटतं. आपण संपेल या धास्तीने साठवत राहतो आणि साठवलेलं संपायच्या आधीच विटतं. ही बाई मात्र खुशाल संपू देते, आणि दर शनिवारी ताजा वास घरी नेते.

परवा त्यांनी चांगला मोठा डबा आणला.

"आजी, आज पाहुणे वाटतं?" दुकानदाराने विचारलं.

"लेक-जावई आलेत. आठ दिवस आहेत," त्या खुशीत म्हणाल्या.

डबा काठोकाठ भरला. "थोडी पुडीत जास्तीची देऊ का? उरली तर तुम्हाला होईल."

"नको," झाकण दाबत आजी म्हणाल्या. "लेक गेल्यावर तिच्यासाठी आणलेली कॉफी एकटीने संपवायला फार जड जाते हो."