पिकअपच्या मागच्या कमानी

कमानवाल्याचं दुकान माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर होतं. माझ्याकडे नवा माल: बोल्ट, बुश, ब्रेकचे लायनर, आणि भिंतीला टांगलेल्या कोऱ्या कमानी, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे, एकावर एक बांधलेले बाकदार लोखंडी पाटे. त्याच्याकडे भट्टी, ऐरण, तेलाची टाकी आणि गंजक्या पाट्यांचा ढीग. गाडीची कमान वजनाने दबून बसली की ड्रायव्हर गल्लीच्या मध्यावर उभा राहून एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. बहुतेक जण तिकडेच जायचे. म्हाताऱ्याच्या हाताला यश होतं. दबलेले पाटे तापवून, ठोकून, त्यांना पुन्हा बाक आणून तो असे बसवून द्यायचा की गाडीची शेपटी वर उचललीच पाहिजे.

हाताला यश आणि जिभेला विष. "गाडी चालवतोस की दगड फोडतोस तिच्यावर?" असं तो गिऱ्हाईकाला चारचौघांत विचारायचा. गिऱ्हाईक हसून घ्यायचं, कारण अडलेलं असायचं. बायको धाप लागून लागून गेली त्या दिवशी दुपारी त्याने भट्टी पेटवली. शेजारच्या टायरवाल्याने हटकलं तर म्हणाला, "ती रोजच मरत होती. आज संपली, एवढंच."

एकच मुलगी. लहानपणी शाळा सुटली की ती भट्टीच्या पंख्यापाशी बसायची. लोखंड काळपट लाल कधी होतं, संत्र्यासारखं कधी दिसतं, आणि पिवळं पडायला लागलं की का ओढून घ्यायचं, हे तिला न शिकवता कळलं. हातोडा हातात घेऊ लागली तेव्हा बापाने तिला घरी पाठवलं आणि पगारी गडी ठेवला. पुढे तिने गल्लीच्या टोकाच्या फरशीच्या गोदामातल्या हमालाशी लग्न केलं. धिप्पाड, हसरा, कुणालाही नाही न म्हणणारा माणूस. बापाने लग्नाला पाठ फिरवली आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ओझी वाहणाऱ्याला अजून एक ओझं मिळालं."

दोघांनी जुनी पिकअप घेतली. ती चालवायची, तो फरशा चढवायचा-उतरवायचा. धंदा बरा चालला, आणि फरशीच्या वजनाने मागच्या कमानी बसल्या. रिकामी गाडीसुद्धा कुल्ले टेकून बसलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली.

ती आधी माझ्याकडे आली. "दादा, नव्या घेऊ की जुन्यांनाच पुन्हा बाक भरून घेऊ?"

मी दुकानदार, पण तिला खरं तेच सांगितलं. नवी कमान कडक असते, रिकाम्या गाडीत आपटेल, अंग दुखेल. पण तिच्यावर भरवसा ठेवता येतो. जुनीचं तसं नाही, ती बनवणाऱ्याच्या हातावर असते. पाटा तापवून तेलात बुडवला की कडक होतो, मग थोडा शेकून त्याला नरमवावं लागतं. ते नीट झालं तर वर्षानुवर्षं बघायला नको. बिघडलं तर एक तर पुन्हा बसतो, नाही तर काचेसारखा तडकतो, आणि तडकतो तो भोकापाशी, जिथे मधला बोल्ट बसतो.

"मग नव्याच काढा," ती म्हणाली.

तिचा नवरा मागे उभा होता. "अगं, बाप समोर बसलाय. त्याच्या डोळ्यांदेखत दुकानातून घेतल्या तर म्हाताऱ्याला किती लागेल."

"त्यांना कधी काही लागतं का?"

"लागतं गं. दाखवत नाहीत." असं म्हणून त्याने माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसत रस्ता ओलांडला. तीही मागोमाग गेली.

आता जे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं ते सांगतो. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चहा कपाबाहेर ओतायचा. त्याने केलेले पाटे तुटून परत येऊ लागले होते, आणि दर वेळी तो ड्रायव्हरची आई-बहीण काढून त्याला वाटेला लावायचा. गडी हळूच म्हणायचा, "मालक, अजून रंग आला नाही." एकदा उत्तरादाखल चिमटाच अंगावर आला, तेव्हापासून तोही गप्प. मुलगी भरल्या गोदामाच्या आणि रिकाम्या रस्त्याच्या चक्रात अडकलेली; तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि म्हाताऱ्याच्या जिभेवर पाय द्यायला आम्ही कुणी तयार नव्हतो.

त्याने दोघांना दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं. मागून आलेल्यांची कामं आधी केली. मग पिकअपखाली वाकून म्हणाला, "बाई चाकावर बसली की गाडीसुद्धा बसते." बाकड्यावरचे ड्रायव्हर हसले. जावईही हसला, वातावरण हलकं व्हावं म्हणून.

पाटे निघाले, भट्टीत गेले. सगळ्यांत लांब, वरचा मुख्य पाटा त्याने बाहेर ओढला तेव्हा तो पार पिवळा झाला होता, कडेने ठिणग्या सुटत होत्या. मुलगी पुढे झाली. "आबा, जळतोय तो. राहू द्या, दुसरा घ्या."

"तू मला रंग शिकवणार? नवऱ्याला फरशी मोजायला शिकव, जा."

त्याने पाटा ठोकला, तेलात घातला आणि शेकायला पुन्हा निखाऱ्यावर धरला. धरला न धरला तोच काढला. मग सवयीने त्याच्यावर कानस फिरवली. नीट नरमलेल्या पाट्याला कानस थोडी तरी चावते. ही सर्रकन घसरली, काचेवरून घसरावी तशी. गडी जवळच होता, त्याने ते ऐकलं. मुलगी तोवर गाडीखाली बोल्ट पुसत होती. म्हाताऱ्याने तीच कानस पुन्हा एकदा फिरवली, हात थांबवला, आणि ती शांतपणे बाजूला ठेवून म्हणाला, "बसव."

"मालक..." गडी पुटपुटला.

"बसव म्हटलं ना. आता पुन्हा तापवला तर ती म्हणेल, मी सांगितलं होतं."

तो पाटा गाडीला लागला.

काही दिवस काही झालं नाही. गाडी तोऱ्यात उभी राहायची. मग एका सकाळी चढावर, फरशांच्या थराला आधार देत नवरा मागे बसला असताना, मुख्य पाटा भोकापाशी कडाडला. मागच्या चाकांचा आस सरकला, गाडी एका अंगावर कलली आणि उभ्या रचलेल्या फरशा त्याच्यावर आल्या. तिने एकेक फरशी हाताने उचलून फेकली. बोटांची सालटं निघाली. लोक धावले तोवर त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली पाय राहिला नव्हता. दवाखान्यात कापावा लागला.

म्हाताऱ्याला ही बातमी मीच दिली. तो ऐरणीवर बसून राहिला. मग म्हणाला, "भरली असेल छपरापर्यंत. ओझं ओझ्याखाली गेलं, दुसरं काय."

मला वाटलं, या माणसाच्या छातीत कोळसा आहे. पण त्या रात्री त्याने भट्टी विझवली नाही आणि घरीही गेला नाही, असं गड्याने नंतर सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी एकीने दुसरी पुसत नाही.

नवरा शुद्धीवर येऊन जेवायला लागल्यावर ती गल्लीत आली. हातात पाट्याचा तुटका तुकडा. म्हाताऱ्याच्या बाकड्यावर ड्रायव्हर होते, तिने मुद्दाम ती वेळ निवडली होती. तुटलेला भाग तिने त्यांच्यासमोर धरला. आत साखरेसारखे दाणे चमकत होते, जळलेल्या लोखंडाची खूण.

"आबा, हे काय आहे?"

"जास्त माल भरलास, ते आहे."

"बरं. कानस फिरवा यावर."

तो हलला नाही. तिने स्वतःच कानस उचलली आणि त्याच्या हातात दिली. सगळे बघत होते. नाही म्हणणंही तेवढंच महागात पडलं असतं. त्याने कानस टेकवली, ओढली. तोच आवाज. ड्रायव्हर लोक त्या आवाजाचे जाणकार. एकाने बिडी विझवली आणि उठला. दुसरा त्याच्या मागून गेला.

"त्या दिवशी पण अशीच घसरली होती," गडी म्हणाला. इतक्या वर्षांत तो एवढ्या मोठ्याने प्रथमच बोलला.

मुलीने बापाकडे पाहिलं. त्याला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि हे तिच्या त्या क्षणी ध्यानात आलं. ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली आणि भिंतीवरच्या नव्या कमानींकडे बोट केलं. त्या बसवल्या गड्यानेच, समोरच्या भट्टीच्या तोंडासमोर गाडी लावून. सगळा दिवस पान्ह्यांचा आवाज म्हाताऱ्याच्या कानावर पडत होता.

त्यानंतर त्याच्याकडे कुणी फिरकेना. गडी माझ्याकडे कामाला लागला. भट्टीत राख तशीच. म्हातारा चाचपडत ये-जा करायचा, एकदा गटारात पडला. तेव्हा मुलगी आली, त्याला दंडाला धरून पिकअपमध्ये बसवलं आणि म्हणाली, "चला, डोळे करून घेऊ."

गल्लीला भरून आलं. पोटची पोर ती पोटचीच, असं टायरवाला म्हणाला. म्हातारासुद्धा विरघळल्यासारखा झाला. दवाखान्यात त्याने तिचा हात सोडला नाही म्हणे.

पट्टी काढायच्या दिवशी मी हजर होतो, तिने बोलावलं होतं. त्याला घरी आणून तिने पलंगावर बसवलं. समोर स्टुलावर नवऱ्याला बसवलं होतं, त्याचा लेंगा मांडीपर्यंत गुंडाळून. लाकडी पाय बाजूला काढून ठेवला होता. नवऱ्याला वाटलं, ती मलम लावणार आहे.

तिने पट्टी काढली. म्हाताऱ्याने डोळे मिचकावले, खिडकी पाहिली, मला पाहिलं. मग समोर पाहिलं. लालसर, टाक्यांचे वण उठलेला, वाळत चाललेला खुंट.

"नीट दिसतंय ना, आबा?" तिने विचारलं. "रंग ओळखू येतोय?"

म्हाताऱ्याने मान वळवायचा प्रयत्न केला, तिने हनुवटीला धरून पुन्हा समोर केली.

नवऱ्याला सगळं कळलं ते तेव्हा. त्याने लेंगा खाली ओढला. तो माणूस चिडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. आवाज न चढवता तो म्हणाला, "पाय माझा गेला. तुला तो दाखवायला वापरायचा होता, तर मला विचारायचं तरी होतंस." आणि मग सासऱ्याला, "मामा, चहा घेणार?"

मामांनी मान हलवली, हो की नाही ते समजलं नाही. चहा करायला कुणी उठलं नाही.

हल्ली जावई माझ्या दुकानात गल्ल्यावर बसतो. म्हातारा समोर बंद शटरच्या पायरीवर बसतो, स्वच्छ डोळ्यांनी. दिवसभर दोघे एकमेकांच्या समोर. मुलगी एकटी गाडी चालवते, नवऱ्याशी कामापुरतं बोलते. तिचं म्हणणं, आपण चुकलो नाही. नवऱ्याचं म्हणणं काय आहे ते तो सांगत नाही.

परवा ती माल उतरवून आली आणि गाडी लावत होती. म्हातारा पायरीवरून म्हणाला, "डाव्या अंगाचा यू-बोल्ट ढिला झालाय." कित्येक महिन्यांनी तो तिच्याशी बोलला होता.

तिने ऐकलं. गाडीकडे वाकूनसुद्धा पाहिलं नाही. तशीच गाडी सुरू करून निघून गेली. संध्याकाळी गड्याने मला सांगितलं की तिने पलीकडच्या रस्त्यावर गाडी थांबवली होती आणि त्याला बोलावून घेतलं होतं. कमान आवळून धरणारा तो बोल्ट खरंच ढिला होता. घट्ट करून झाल्यावर ती म्हणाली, "त्यांना सांगू नकोस."