मान हलवणारी सिस्टर

डॉक्टरांनी तापाचा कागद माझ्या अंगावर फेकला. समोर बाकावर आया बसल्या होत्या, मांडीवर पोरं.

“नव्याण्णव? हे काय लिहिलंस?”

“तेवढाच आहे, सर.”

“अरे वा! बस, माझ्या खुर्चीत बस, डॉक्टरीणबाई!” ते हसले. ते हसले म्हणून आयाही हसल्या. मग आवाज खाली आला. “तुझ्या बापाने ट्रकात माती भरली. तू खाटा भर. तेवढ्यासाठीच ठेवलंय तुला.”

बाप खाणीवर ट्रक चालवायचा हे खरं. त्यासाठीच आम्ही दोडामार्गाकडून डिचोलीत आलो. पण तो ट्रक चालवायचा, भरायचा नाही. एवढं तरी बोलायचं होतं. त्याऐवजी कागद उचलला आणि नव्याण्णवचे एकशे दोन केले. अगदी सहज. आज तेच जास्त सलतं.

मुलांचा खाजगी दवाखाना. आठ खाटा. रिकामी खाट डॉक्टरांना बघवत नसे. साधी सर्दी असली तरी “ॲडमिट”. तो शब्द ऐकला की आई डॉक्टरांकडे बघायचीच नाही. माझ्याकडे बघायची. मी तिच्या बोलीतली, तिच्यासारख्याच घरातली. मी ‘हो’ म्हणून मान हलवली की ती हातातली पिशवी खाली ठेवायची. माझी नोकरी म्हणजे ती मान.

कारापूरची एक मुलगी आली. दीड वर्षाची. नाक गळत होतं, बाकी खेळत होती. मी मान हलवली. सलाईनला शीर मिळेना. चार ठिकाणी मीच टोचलं. हात कोपरापर्यंत सुजला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची हगवण तिला लागली. वाचली कशीबशी. घरी जाताना आईने माझ्यासाठी पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव आणले. “बाय, तू होतंस म्हणान माझां चेडू वाचलां.”

मी ते उंडे खाल्ले.

त्यानंतरही वर्षभर मान हलवत राहिले. हे लपवणार नाही.

मग मुळगावची एक बाई आली. कडेवर मुलगा, बिस्कीट चोखत. डॉक्टर म्हणाले, “ॲडमिट.” मी मान हलवणार, तेवढ्यात तिने माझा हात धरला आणि मुलाच्या डोक्यावर ठेवला.

“हेची शपथ घे आणि खरां सांग. हेका हयसर ठेवूकच व्हया?”

डोकं गार होतं.

“नाको,” मी म्हणाले. “हेका काय एक जावक नाय. सर्दी आसा. घराक घेवन जा. धाप लागली, नायतर दूध सोडल्यान, तर सरकारी हॉस्पिटलात ने.”

“सिस्टर! चालती हो इथून!”

“जाते. पण ताप नाही त्याला.”

बाई मुलाला घेऊन गेली. बाकावरची दुसरी कुणी उठली नाही. खाट त्या दिवशीही भरली असणार.

एका नकाराचा अभिमान मला शोभत नाही. होकार किती दिले, आठवत नाहीत. त्या आया अजून बाजारात हाक मारतात, पोरं केवढी झाली ते सांगतात, आभार मानतात. इतकी वर्षं मी हसून पुढे गेले.

आता जाणार नाही. प्रत्येकीला थांबवून सांगणार: तुझ्या पोराला काही झालं नव्हतं. ते मला ठाऊक होतं. आधी कारापूरला जायचं. ती आई थोबाडीत मारेल. मारू दे. मग पुढच्या घरी.