रेघ सापडली का?

टायपिंगच्या बाई बोटांकडे बघणाऱ्या माणसाला माफ करत नसत. मग तो निवृत्त इंजिनियर असो नाहीतर बँकेतला साहेब. कुणी कीबोर्डकडे बघत एकेक अक्षर शोधायला लागलं की बाईंना ते नुसत्या आवाजावरून कळायचं. "चोरपावलं ऐकू येताहेत मला," असं म्हणत त्या पर्समधून मोठा पांढरा रुमाल काढायच्या आणि त्या माणसाच्या दोन्ही हातांवर पसरायच्या. रुमालाखाली हात घालून बसलेले सत्तरीतले आजोबा आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या किरकोळ अंगाच्या बाई, हे दृश्य मी जर्मनीत कार्ल्सरूहेच्या त्या गेमाइंडेहाउसमध्ये, म्हणजे चर्चच्या सभागृहात, दर शनिवारी बघत होते आणि दर शनिवारी मला हसू यायचं.

बाईंचं मिरजेत टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांनी अर्ध्या गावाला टायपिंगच्या परीक्षांना बसवलं, आणि मशीनं भंगारात जायची वेळ आली तेव्हा स्वतः पन्नाशीत कॉम्प्युटर शिकून त्याच माळ्यावर कॉम्प्युटरचा क्लास काढला. यजमान गेल्यावर त्यांचा मुलगा मंदार त्यांना इकडे घेऊन आला. तो इथं एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहून पीएचडी करत होते. बाईंनी मला जिन्यात गाठलं, नाव-गाव विचारलं आणि पुढच्याच शनिवारी जुने लॅपटॉप वाहायला जुंपलं. नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

मुलाकडे तीन-तीन महिने राहायला येणारे आई-वडील हे त्यांचे विद्यार्थी. पहिला धडा सगळ्यांना एकच. एफ आणि जे या दोन कळांवर एकेक बारीक उंच रेघ असते. बाई प्रत्येकाचं बोट धरून त्या रेघेवर नेऊन ठेवायच्या. "रेघ सापडली का? सापडली ना? मग आता घाबरायचं नाही. बोटं कितीही लांब जाऊ देत, इथं परत आली की झालं." बोट धरायची त्यांची एक तऱ्हा होती. ओढत नसत, दाबत नसत. लहान मुलाला पायरी दाखवावी तसं अलगद नेऊन ठेवायच्या.

कर्वेकाका म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्या नातीचे फोटो लॅपटॉपवरून सारखे गायब व्हायचे. काका चुकून फोटो उडवायचे, त्यात नवल नाही. पण ते परत मिळायला हवे होते, तेही मिळत नव्हते. शेवटी उलगडा झाला. जर्मन कॉम्प्युटरवर कचऱ्याची टोपली असते, पापियरकोर्ब. आणि सुनेनं काकांना इथं आल्या आल्या बजावलं होतं की या देशात कचरा साठवायचा नाही, ज्या दिवशीचा त्या दिवशी बाहेर काढायचा. तेव्हा काका रोज सकाळी कागदाचा निळा डबा खाली नेऊन रिकामा करायचे आणि वर येऊन कॉम्प्युटरचाही. आम्ही पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. "काका, घरातलं काय टाकायचं ते सुनेला विचारा. इथलं मला विचारल्याशिवाय टाकायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे पडद्यावर जे दिसेल ते मोठ्यांदा वाचायचं. न वाचता ओके दाबलं की बाई चिडायच्या. "मला ऐकू आलं पाहिजे, काय लिहिलंय!" त्यामुळे आमच्या वर्गात शाळेतल्या पाढ्यांसारखा गजर चालायचा. कुणी 'फाइल सेव्ह करायची का' म्हणतंय, कुणी 'पासवर्ड चुकीचा आहे' म्हणतंय. मला ही पद्धत फार आवडली होती. घाबरलेली माणसं वाचता वाचता सावरायची. शिकवण्यातला मुरलेपणा म्हणतात तो हाच, असं मी माझ्या प्राध्यापकांनाही सांगितलं होतं.

बाईंना मात्र इथं राहायचं नव्हतं. मुलगा-सून चांगली होती, तक्रार काही नव्हती. त्यांना मिरजेच्या आपल्या घरात, आपल्या हातानं दार उघडून राहायचं होतं, बस. मंदार एकुलता एक. एकट्या आईला सोडायला तो तयार नव्हता, पण शेवटी कबूल झाला. "आल्झो, तर मग आई, आपलं ठरलं," तो माझ्यासमोर म्हणाला होता. "लाइटबिल, गॅस, बँक, डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळं तुला ऑनलाइन स्वतःचं स्वतः जमलं पाहिजे. आय मीन, कुणाला न विचारता. मग तिकीट काढतो." बाई म्हणाल्या, "मला? अरे, मी तुझ्या अर्ध्या गावाला शिकवलंय."

त्या हिवाळ्यात मला एकेक गोष्ट खटकायला लागली. श्ट्रासेनबान, म्हणजे ट्राम, आली की बाई विचारायच्या, "कुठली गं ही?" नंबर तर समोर ढळढळीत दिसायचा. मला वाटायचं, माझं लक्ष आहे का ते बघताहेत. मी न बोलता समोर उभी राहिले तर ओळख द्यायच्या नाहीत. एकदा बानच्या पायरीवर त्यांचा पाय चुकला आणि मी त्यांना धरलं, तेव्हा थांब्यावरच्या बाकावर बसून त्यांनी सांगून टाकलं. "मधलं दिसत नाही मला. कडेचं दिसतं. तुझे कान दिसतात बघ, चेहरा नाही."

मी हादरले. मोठ्यांदा वाचायचा नियम, रुमाल, आवाजावरून पकडणं, सगळं त्या क्षणी डोळ्यांसमोर आलं. बँकेच्या कुठल्या पानावर किती वेळा टॅब दाबायचा हे त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. मंदारसमोर त्यांनी लाइटबिल भरून दाखवलं ते तसंच, आणि तो खूश होऊन ऑफिसात सांगत सुटला होता. मी म्हटलं, "बाई, आधी डॉक्टरकडे चला. काही होण्यासारखं असेल."

"डॉक्टरकडे मला कोण नेणार? मंदारच ना? मग मिरज संपलंच म्हणून समज."

"आणि तिथं एकट्या पडलात म्हणजे?"

"माझ्या घरात मला डोळे लागत नाहीत," बाई म्हणाल्या. "तू त्याला सांगू नकोस."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं हेही कळत होतं. सांगितलं तर त्यांचं घर जाणार, न सांगावं तर त्या एखाद्या दिवशी जिन्यावरून पडणार. जिना चढता-उतरताना त्यांच्या दारासमोर माझे पाय अडखळायचे. मी रोज त्यांच्यामागे डॉक्टरचा धोशा लावला आणि त्या रोज विषय बदलत राहिल्या.

मग त्यांच्या हातून लॅपटॉपवर चहा सांडला. तो वाचला, पण त्यांची सून अनघा हिनं काळजीपोटी कीबोर्डवर घालायचं जाड रबरी कव्हर आणलं आणि बाई आंघोळीला गेलेल्या असताना बसवूनही टाकलं. तो रविवार होता. मंदारनं शेवटची एक गोष्ट सांगितली होती. मिरजेच्या शेजारणीला, कमलताईंना, बाईंनी स्वतः मेल लिहायची, घर उघडून ठेवा म्हणून. मग तो लगेच तिकीट काढणार होता. मलाही खास जेवायला बोलावलं होतं.

बाईंनी लॅपटॉप पुढे ओढला. बोटं कळांवर टेकली आणि क्षणभर घुटमळली. काहीतरी बिनसलंय हे मला दिसलं. पण सगळे बघत होते. त्यांनी मान ताठ केली आणि सुरुवात केली. काय टाइप करत होत्या! एकसारखा, न अडखळणारा आवाज. मंदार कौतुकानं अनघाकडे बघून हसला. शेवटचा पूर्णविराम देऊन बाई मागे टेकल्या. "घे, वाच. मोठ्यांदा."

मंदार वाकला आणि तसाच राहिला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. पानभर अक्षरं होती आणि त्यात एक शब्द नव्हता. बोटं एक घर सरकून बसली होती, तिथून सगळंच्या सगळं चुकलं होतं.

"वाच ना रे."

"प्रिय कमल," मंदार म्हणाला, "मी पुढच्या महिन्यात येते आहे. घर झाडून ठेवशील. पाणी भरून ठेवशील..."

"मंदार," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी हे लिहिलेलं नाही. दाराची कडी आधी वर उचलायची आणि मग ओढायची, नाहीतर उघडत नाही, असं लिहिलंय मी. ते वाच."

बाईंची बोटं पुन्हा कळांवर गेली, इकडून तिकडे चाचपडायला लागली. "रेघ कुठं गेली?" त्या म्हणाल्या. "इथली रेघ कुठं गेली?"

"अहो आई, ते कव्हर... चहा सांडला म्हणून मी..." अनघा रडायलाच लागली.

"तुझं काही चुकलं नाही गं."

मंदार त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "आई, माझ्याकडे बघ."

"बघतेच आहे," बाई म्हणाल्या. त्या त्याच्या शेजारच्या खिडकीकडे बघत होत्या.

पुढचं सगळं रीतसर झालं. आउगेनआर्त्स्ट म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर, तपासण्या, इंजेक्शनं. जे गेलं ते येणार नव्हतं. थोडं आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि मला आधीपासून माहीत होतं हे कळल्यावर मंदार कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. तिकिटाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. शनिवारचा वर्ग मात्र बाईंनी सोडला नाही. कर्वेकाका पुन्हा मुलाकडे आले होते. ते बाईंच्या शेजारी बसून पडदा वाचून दाखवायचे. बाई ऐकायच्या, पण आवाजात पूर्वीची धार राहिली नव्हती. रुमाल पर्समध्येच असायचा.

मला ड्रेस्डेनला नोकरी लागली. निघताना मी पाया पडले तर बाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "आता दिसलीस," म्हणाल्या. मला रडू आवरेना.

आमचं फोनवर बोलणं असतं. मध्यंतरी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "मिरजेचं घर विकायचं ठरलं गं. भाच्याच्या नावानं मुखत्यारपत्र करायचं होतं, त्यासाठी कॉन्सुलेटमध्ये जाऊन आलो." सही कशी केलीत, असं काहीतरी मी विचारलं.

"कुठं करायची ते दिसत नव्हतं," बाई म्हणाल्या. "मंदारनं माझं बोट धरलं आणि जागेवर नेऊन ठेवलं. ओढलं नाही, दाबलं नाही. मी म्हटलं त्याला, बरोबर धरतोस. अस्संच धरायचं असतं."