फौजदाराची वेणी

गल्लीत त्याला सगळे फौजदार म्हणत. फौजदारकीशी त्याचा संबंध एवढाच, की तो एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचा आणि त्याच्या मिशा पाहून माणसं न सांगता रांगेत लागायची. बंदुकीत गोळी होती की नाही, हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं.

असा हा वाघ रोज सकाळी दाराला कडी घालायचा, खिडकीचा पडदा ओढायचा आणि लेकीची, ठकीची वेणी घालायचा.

बायको वेल्डर. लोखंडी जिने, फाटकं, टाक्यांचे सांगाडे असली तिची कामं. दोघांना न उचलवणारा पाइप ती एकटी खांद्यावर घ्यायची, पण लेकीच्या केसांपुढे तिचं काही चालत नसे. तिनं घातलेली वेणी शाळेच्या फाटकापर्यंतही टिकत नसे. फौजदार मात्र लग्नाआधी दोरखंडाच्या कारखान्यात होता. तीन पेड कसे घ्यायचे, कुठला किती ताणायचा, हे त्याच्या बोटांत मुरलेलं. एका सकाळी त्यानं रडणाऱ्या ठकीला समोर बसवलं आणि चहा निवायच्या आत अशी वेणी घातली, की शाळेतल्या बाईंनी वर्गात तिला उभं करून दाखवली.

"कोणी घातली विचारलं तर आईनं म्हणायचं," त्यानं लेकीला पढवून ठेवलं. "माझं नाव घेतलंस तर बँकेत मला कोण भिणार?"

ठकी म्हणायची, "आईनं." आईची वाहवा व्हायची आणि आई बिचारी कपाळाला हात लावायची.

तर अशा या सुरळीत चाललेल्या खोट्यात वाचनालयाची तरुण मंडळी कॅमेरे घेऊन शिरली. त्यांचं प्रदर्शन होतं, 'बाईचं काम, पुरुषाचं काम: असं काही असतं का?' वस्तीतल्या माणसांचे फोटो वस्तीतल्याच पोरापोरींनी काढायचे होते. वेल्डर बाई म्हटल्यावर त्यांना आकाश ठेंगणं झालं. ठिणग्यांचे फोटो झाले, काळ्या काचेच्या मुखवट्याचे झाले. मग त्यांची पुढारीण, एक चष्मेवाली मुलगी, म्हणाली, "आता एक घरातला. अंगात कामाचं जाकीट आणि काकू लेकीची वेणी घालताहेत. आग हाताळणारे हात घरी कसे मऊ होतात!"

"वेणीच कशाला? नळ गळतोय, तो दुरुस्त करते की," बायको म्हणाली.

"नाही काकू, वेणीच."

बाईनं दिवसभर लोखंड जोडलं तरी घरी येऊन वेणी घातलीच पाहिजे, हे त्या शहाण्यांपैकी एकालाही खटकलं नाही. वर फौजदाराला म्हणतात, "काका, तुम्ही जरा आत जाता? फोटोत मिशा येताहेत."

फौजदार स्वयंपाकघराच्या पडद्याआड गेला. इकडे बायकोनं कंगवा घातला, तो अडकला. तिनं ओढला, ठकी किंचाळली. पडद्याच्या फटीतून पाहणाऱ्या बापाचा जीव कासावीस झाला. त्यानं आतूनच बायकोच्या खुर्चीला लाथ मारली.

"पोर लाजतेय," बायको समजून म्हणाली. "दोन मिनिटं सगळे बाहेर व्हा बघू."

मंडळी परत आली तेव्हा ती पडद्याला पाठ लावून बसली होती. जाकीट तिच्या खांद्यांवर होतं, तिचे स्वतःचे हात आत पोटाशी दडलेले, आणि बाह्यांतून बाहेर आलेले हात होते फौजदाराचे. बोटं झरझर चालत होती. चांगली केसाळ, राठ बोटं.

"बापरे, काकूंचे हात बघा," एक पोरगा पुटपुटला.

"कष्टानं होतात असे," चष्मेवाली काचा पुसत म्हणाली. "काढ फोटो."

प्रदर्शनात तोच फोटो सगळ्यांत मोठा लागला. खाली लिहिलं होतं, 'आगीतली माया'. "वेल्डिंगनं अंगावर केस येतात होय?" असं विचारून शेजारीण घाईनं स्वतःचे हात तपासू लागली. फौजदार गर्दीत उभा होता. आपली वेणी भिंतीएवढी झालेली तो पहिल्यांदाच पाहत होता. एक पेड इकडचा तिकडे नाही. त्याची छाती फुगली, पण दाखवणार कोणाला?

शाळेतल्या बाई ठकीपाशी वाकल्या. "काय सुरेख गं! कोणी घातली?"

ठकीनं बापाकडे पाहिलं. मग मान खाली घालून पाठ केलेलं म्हणाली, "आईनं."

ते त्यानं स्वतःच्या कानांनी कधी ऐकलं नव्हतं. फार लागलं त्याला. पोरीला खोटं बोलायला आपणच शिकवलं, आणि कशासाठी, तर मिशांसाठी!

"खोटं आहे ते," तो मोठ्यानं म्हणाला. "वेणी मी घातलीय. हात माझे आहेत."

माणसं फोटो सोडून त्याच्याकडे वळली. मग चष्मेवाली उसळली. "बघा! हेच दाखवायचंय आम्हाला! बाईनं काही केलं, की श्रेय लाटायला नवरा हजर!"

टाळ्या पडल्या. फौजदारानं बाह्या वर केल्या. "अहो, हे केस तरी बघा!"

"काकूंच्या हातांना हसताय? लाज नाही वाटत?"

"अगं, त्यांचेच हात आहेत ते," बायको पुढे झाली. "मला कुठे येतेय वेणी?"

चष्मेवालीनं तिला जवळ घेतलं. "घाबरू नका काकू. आम्ही आहोत ना." गर्दीतून बँकेचे साहेबही म्हणाले, "फौजदार, बायकोचं कौतुक सोसवत नाही होय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर आणि संन्यासी दोन्ही हाच. फौजदार घामाघूम झाला. दाराकडे वळणार, तोच ठकीनं आपल्या वेणीची रिबीन ओढली. केस मोकळे करून डोकं गदागदा हलवलं आणि त्याच्याकडे पाठ करून ती फरशीवर बसली.

फौजदारानं खिशातून मिशांचा कंगवा काढला आणि मांडी घातली. भांग पाडला. तीन पेड घेतले. माणसं पुढे सरकली, साहेब वाकले. कोणीतरी कॅमेरा उचलला, तशी त्याची बोटं थबकली.

"बाबा," ठकी मान न वळवता म्हणाली, "दार वाजलं की अर्धी सोडता ना, तशी आता सोडू नका."

"नाही सोडत," फौजदार म्हणाला आणि त्यानं पेड ताणून घेतला.