पांढरं औषध आणि बाहेरचं बोलणं

थोरल्या भावाच्या पोटात दुर्बिणीची नळी घातली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून आजार सांगितला. खोलीत परतून मी भावाला म्हणालो, साधी सूज आहे. आमच्याकडे असंच करतात. रोग्याला सोडून साऱ्या घराला ठाऊक असतं. तो गेला आणि आमच्या तिसगावात नाव वाईट झालं ते नळीचं.

वर्ष व्हायच्या आत माझ्याही पोटात तसंच जळू लागलं. वहिनी मला नगरला घेऊन गेल्या.

"नळी नको," मी सांगून टाकलं. डॉक्टरांनी जराही वाद घातला नाही. बेरियम नावाचं पांढरं औषध पिऊन एक्स-रे काढता येतात, म्हणाले. सीटी स्कॅन आहे. कॅमेऱ्याची गोळीही मिळते, पण ती मुख्यतः लहान आतड्यासाठी; जठर तिला नीट दिसेलच असं नाही.

इतकी सवलत मला खटकली. भावाला यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. ज्याचं काही करण्यासारखं उरलं नाही, त्याला उगाच नळीचा त्रास कशाला, असं तर नसेल?

तरी औषध प्यायलो. खडू कालवल्यासारखं लागलं. एक्स-रेच्या टेबलावर कूस बदलत, श्वास धरत राहिलो. कपडे करून बाहेर आलो तर डॉक्टर वहिनींशी हळू आवाजात बोलत होते. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता.

"काय म्हणाले?"

"काई न्हाई भाऊजी. गोळ्या दिल्यात."

"गोळ्यांसाठी पदर?"

"पुस्तकं वाचून वाचून पार वकील झालात तुमी!" त्या हसल्या, पण माझ्याकडे न बघता.

मी सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरलो. त्यांनी चित्र उजेडावर धरलं. जठराची कड एका जागी ओबडधोबड दिसत होती. "जखम असेल, दुसरंही काही असेल. चित्रावरून ठरत नाही. तुकडा काढून तपासावा लागेल, आणि त्याला नळीच लागते. झोपेचं इंजेक्शन देऊ."

"वहिनींना काय सांगितलंत?"

"हेच. त्या म्हणाल्या, भाऊजींना कळलं तर ते परत यायचे नाहीत."

खरं असेल. नसेलही. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या.

"नळी घाला," मी म्हणालो. "पण तुकड्याचं काय निघालं ते आधी मला सांगायचं. यांना मी सांगेन."

"आन् खोटं सांगितलंत तर?" वहिनींनी दारातूनच विचारलं.

मग आम्हा दोघांना समोरासमोर बसवूनच सांगायचं, असं डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं.