कापसाच्या काट्यावर आई

सरकीचा वास आला की मला शेगावच्या कापूसबाजारातला तो लोखंडी काटा आठवतो, ज्याच्या पारड्यात माझ्या आईला बसवायचे. शेर-मण जाऊन नुकतेच किलो आले होते. आईला दम लागायचा, पोट दुखायचं. डॉक्टरांनी लांबूनच पाहून सांगितलं, "चरबी आहे. खाणं कमी करा, दर बाजारी वजन करा." दवाखान्यात काटा नव्हता, म्हणून बाबा तिला इथं आणायचे. घरी ती अर्ध्या भाकरीवर राहायची, तरी वजन वाढतच होतं. "वहिनी, चोरून खाऊन राह्यल्या काय?" मापारी विचारायचा, अख्खा बाजार हसायचा आणि आई तोंडाला पदर लावायची. एका बाजारी पारडं हेलकावलं, तिनं साखळी धरायला हात वर केला, तर काचेच्या बांगड्या कोपर ओलांडून थेट दंडावर घसरल्या. हात नुसती कापसाच्या पऱ्हाटीची वाळकी काडी! मापाऱ्याचं हसू जागीच थांबलं. बाबांनी तिला तिथूनच अकोल्याच्या गाडीत बसवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या पोटातून टरबुजाएवढा गोळा काढला आणि बाहेर येऊन रागानं विचारलं, "या बाईला उपाशी कोणी ठेवलं?" शुद्धीवर येताच आई बाबांना म्हणाली, "आता खाऊ काय जी मी?" आता माझंही अंग सुटलंय. दवाखान्यात कोणी आधी काट्याकडे बोट दाखवलं, की मी खुर्चीतून उठत नाही. म्हणते, "अगोदर हात लावून पाहा."