भात बंद, तूप चालू

राइस मिलमधला कोंडा ट्रक येऊन घेऊन जातो. किस्से न्यायला कोणीच येत नाही, ते साचत राहतात. आमच्या तुमसरच्या मिलमधले सध्याचे सगळे किस्से काकाजींच्या डाएटचे आहेत. मिल त्यांची, मी त्यांची पुतणी. बी.एस्सी. करून तिथेच मालाची क्वालिटी बघते. काकाजींच्या हृदयात स्टेंट आहे आणि मोबाइलमध्ये डाएटचे व्हिडिओ!

*

एका सकाळी काकाजींनी ऑफिसात जाहीर केलं, "भात म्हणजे जहर! आजपासून बंद!"

तेवढ्यात तांदळाच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. काकाजी लगेच फोनवर म्हणाले,

"घ्या न शेठ, बिनधास्त घ्या! लेकरं दोन घास जास्त खातीन!"

*

भात गेला, तूप आलं. अंड्यांवर तूप, पनीरवर तूप, शेवटी चहातही तूप! काकू बरेच दिवस नुसत्या पाहत होत्या. मग एकदा कपासोबत त्यांनी कापसाची वात आणून ठेवली.

"हे कायले?"

"तूप तं आहेच. वात टाका, तुळशीपुढं ठेवून येते!"

*

तांदूळ किती सुकलाय हे बघायला आमच्याकडे दाणे दाताखाली धरतात. कट्कन तुटला की माल सुका. काकाजी दिवसभर असे दाणे चावतात आणि एकही थुंकत नाहीत.

मी म्हटलं, "काकाजी, संध्याकाळपर्यंत ताटभर भात पोटात जाते तुमच्या."

"तो भात नाही, बेटा. तो धंदा आहे!"

*

वजन मात्र खरंच उतरलं. पॅन्ट पट्ट्याच्या भरवशावर आली. काकाजी हमालांनाही पोट दाखवत फिरत होते. आणि मला त्यांच्या ड्रॉवरमध्ये कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली!

"गोळी काहून सोडली?"

"भात सोडला न! दोन-दोन गोष्टी कायले?"

माझं डोकंच फिरलं. भात कमी करा, वजन उतरवा, माझी काही तक्रार नाही. पण स्टेंट बसवलेल्या माणसानं व्हिडिओ पाहून गोळी सोडायची? छातीत दुखलं तर तो व्हिडिओवाला गाडी घेऊन येणार आहे का? हे सगळं मी भर ऑफिसात ओरडून विचारलं.

काकाजी शांतपणे म्हणाले, "आवाज कमी कर. माझं बीपी वाढून राहिलं."

*

शेवटी काकूंनी त्यांना दवाखान्यात नेलंच. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड उतरलेलं, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच चढलेलं. डॉक्टर म्हणाले, "तूप कमी करा, गोळी आजपासून सुरू."

काकाजी पहिल्या आकड्यावर बोट ठेवून खूश. दुसरा त्यांना मंजूर नव्हता. म्हणून घरी दुसऱ्या लॅबचा माणूस बोलावला. त्यानं उजव्या हातातून रक्त घेतलं. काकाजींनी डावा हात पुढे केला.

"आता याच्यातून."

"काका, रक्त तेच असते."

"एका पोत्यावर मी अख्खी गाडी पास करत नाही, भाऊ. घे!"

बिचाऱ्यानं घेतलं. संध्याकाळी दोन हातांचे दोन रिपोर्ट आले. दोन्हींत एलडीएल सारखंच चढलेलं. काकाजी बराच वेळ एकदा हा कागद, एकदा तो कागद बघत राहिले. चेहरा पार उतरला होता.

"लॉट नापास," ते हळूच म्हणाले. "असा माल कोण घेईन?"

काकू समोरच उभ्या होत्या. एका हातात पाणी, दुसऱ्या हातात गोळी.

"मी घेतला होता न! आता वापस करायले तुमची मायही नाही. गिळा!"